कपाळावरचा चरा

मागच्या दिवाळीत पुतण्याने माझ्या संगणकावर फोटोशॉपची नवी आवृत्ती बसवून दिली आणि पुढचे आठ दिवस मी घरात कोणाच्याही उपयोगाचा राहिलो नाही. दारच्या तुळशीचे तैलचित्र केले, सौभाग्यवतींच्या महाबळेश्वरच्या फोटोत धुके सोडले, स्वतःचे वय वीस वर्षांनी उतरवून पाहिले. (ते मात्र कोणाला दाखवले नाही.) साठी उलटलेल्या माणसाला हा पोरखेळ शोभत नाही हे कबूल; पण मजा आली हेही कबूल.

फोटोशॉप बाजारात आले १९९० साली. त्यातले जुने फिल्टर साधे, प्रामाणिक. फोटो धूसर करा, कडा धारदार करा, कॅनव्हासचा पोत द्या. म्हणजे चित्रात जे आहे त्याचीच उलटापालट. २०२० साली ‘न्यूरल फिल्टर’ आले आणि मामला बदलला. हे फिल्टर चित्रात नसलेले आणतात. एक पट्टी सरकवली की गंभीर चेहरा हसू लागतो, दुसरी सरकवली की म्हातारा होतो. कृष्णधवल फोटो रंगीत होतो. यंत्राने असंख्य रंगीत चित्रे पाहिलेली असतात. अमुक छटेच्या करड्या जागी बहुधा कोणता रंग असतो याचा ते अंदाज करते आणि तो भरून टाकते. अंदाज चांगला असतो. पण तो अंदाज आहे, हे चित्रावर कुठेही लिहिलेले नसते.

आमच्या घरात आजीचा एकच फोटो आहे. १९३८ सालचा, स्टुडिओतला, मागच्या पडद्यावर रंगवलेला जिना. पुतण्याने तो स्कॅन केला, भेगा बुजवणारा फिल्टर लावला, रंगांचा लावला, आणि ‘आजी थोडी रागावलेली दिसते’ म्हणून हसण्याची पट्टीही जराशी सरकवली. निळ्या साडीतली, गोऱ्या कपाळाची, मंद हसणारी आजी पाच मिनिटांत घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर गेली. अंगठ्यांचा आणि हृदयांचा पाऊस पडला. मीही अंगठा दिला.

आत्या पंचाऐंशीची. तिला मोठ्या पडद्यावर दाखवले. चष्मा पुसून तिने बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, “माझ्या आईचं कपाळ पांढरं कुणी केलं रे?”

आम्ही मूळ फोटो काढला. आजीच्या कपाळावर कुंकवाची आडवी चिरी होती, काळीभोर. यंत्राला तो चरा वाटला असावा, त्याने पुसला. आजी सवाशीण गेली. जे नियतीने केले नाही ते फिल्टरने केले, आणि आम्हा तेवीस जणांपैकी एकाच्याही लक्षात आले नाही.

कुंकू काळे का, याचे कारण मजेशीर आहे. त्या काळच्या बऱ्याच काचांना आणि फिल्मना लाल रंग दिसतच नसे. म्हणून तर डार्करूममध्ये लाल दिवा चालत असे. लाल ते सारे काळे उमटायचे. साडीचेही तेच. यंत्राने गडद छटा पाहून निळी ठरवली. आत्या म्हणाली, “डाळिंबी इरकल होती ती. पुढे तिची गोधडी झाली. मी निजलेय त्या गोधडीत.”

बँकेत आमच्या पिढीने लेजर हाताने लिहिली. चुकला आकडा खोडून काढायची सोय नव्हती. एक रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, वर बरोबर आकडा, शेजारी लघुस्वाक्षरी. धनादेशात परस्पर महत्त्वाचा फेरफार झाला तर ज्याची संमती नाही त्याच्यापुरता तो बाद, असे १८८१ च्या कायद्याचे ८७ वे कलम सांगते. फोटोतल्या माणसाची संमती कोण घेणार? तो तर बहुधा गेलेला असतो.

हे केवळ घरगुती हळवेपण नव्हे. कंबोडियात ख्मेर रूज राजवटीत, १९७५ ते १९७९ या काळात, तुओल स्लेंगच्या तुरुंगात आणलेल्या कैद्यांचे फोटो काढले जात. त्यांतले फार थोडे जिवंत बाहेर आले. २०२१ साली एका कलावंताने त्यांतल्या काही फोटोंत रंग भरले आणि काही चेहऱ्यांवर चक्क हसू आणले. ते एका संकेतस्थळावर छापून आले. कंबोडियाच्या सांस्कृतिक मंत्रालयाने आणि मृतांच्या नातलगांनी आक्षेप घेतल्यावर लेख मागे घ्यावा लागला. छळाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरची भीती हीच तिथे साक्ष होती.

जुन्या स्टुडिओंतही फोटोंवर हाताने रंग चढवत. पण रंगवणारा विचारू शकत असे, साडी कोणत्या रंगाची होती? फिल्टर विचारत नाही. विचारायला आपल्यालाच हवे, आणि ज्यांना विचारायचे त्यांची वये पंचाऐंशीच्या आसपास आहेत.

मी फिल्टर सोडलेले नाहीत. मूळ स्कॅन वेगळा ठेवला आणि त्याच्या प्रतीवर आत्याला शेजारी बसवून पुन्हा सुरुवात केली. साडीवर हवा तो रंग आपण सांगू शकतो, हे मला तेव्हा कळले. चार वेळा आत्याने नापास केले. “एवढी भडक नव्हती.” “ही तर विटकरी झाली.” पाचव्या वेळी ती काही बोलली नाही. कुंकू ठेवले, हसू काढले. तीन घरांत मात्र पांढऱ्या कपाळाची आजी एव्हाना फ्रेम होऊन भिंतीवर गेली आहे. एका ठिकाणी ‘तोच छान दिसतो’ असे उत्तर मिळाले.

आमच्या प्रतीच्या पाठीवर मी पेन्सिलीने लिहिले : ‘मूळ फोटो कृष्णधवल, कपाटात. साडीचा रंग आत्याच्या आठवणीतला. बाकी रंग यंत्राचा अंदाज.’ खाली तारीख आणि लघुस्वाक्षरी. आत्याने ते वाचले आणि पेन्सिलीसाठी हात पुढे केला. “माझीही सही हवी ना?”