गुळवेलीची परीक्षा

पहाटे डोळे उघडताच शिंकांची माळ लागावी, नाकातून पाणी वाहावे आणि ऊन वर येईतो सारे ओसरून जावे, ही तक्रार आता घरोघरी ऐकू येते. धूळ, परागकण, बुरशी अशा निरुपद्रवी कणांना शरीर शत्रू समजते, मास्ट पेशी हिस्टामिन सोडतात आणि पुढचा सारा त्रास ओढवतो. गोळ्यांनी व फवाऱ्यांनी आराम पडतो, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु गोळी थांबली की शिंका परततात आणि मग लक्ष परसातल्या वेलीकडे जाते.

त्यात मागासलेपण काहीच नाही. इजिप्तमधील परंपरागत औषधी वनस्पतीत सापडणाऱ्या खेलिन या द्रव्यावरून सोडियम क्रोमोग्लायकेट सिद्ध झाले. ब्रिटनमधील डॉ. रॉजर अल्टुन्यान यांनी, स्वतः दम्याचे रुग्ण असूनही, त्याची परीक्षा आपल्याच फुप्फुसांवर घेतली. १९६५ साली हाती आलेले हे औषध पुढे नाकाच्या ॲलर्जीतही वापरले गेले.

आपल्याकडेही असे काम झाले आहे, आणि तेही नागपुरात. तेथील संशोधकांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत ७५ रुग्णांपैकी काहींना ८ आठवडे गुळवेलीचा अर्क, तर इतरांना औषधविरहित गोळी दिली. अर्क घेणाऱ्यांपैकी ८३ टक्के रुग्णांच्या शिंका पूर्ण थांबल्या. अभिमान वाटावा असाच हा आकडा आहे. मात्र ७५ रुग्णांवरून साऱ्या देशाला उपचार सांगता येत नाही, याचे भान अभिमानाच्या भरात अनेकदा सुटते.

कोरोनाच्या काळात ते सुटलेच. घराघरांत गुळवेलीचे काढे उकळू लागले. २०२१ साली मुंबईतील डॉक्टरांनी यकृताला इजा झालेल्या ६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली; ते सर्व गुळवेल घेत होते. आयुष मंत्रालयाने हा संबंध अमान्य केला आणि गुळवेलीसारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या जातीशी गल्लत झाली असावी, याकडे लक्ष वेधले. आक्षेप बिनबुडाचा नव्हता. पण वेल ओळखण्यातच गल्लत होत असेल, तर बाजारातल्या बाटलीत नेमके काय आहे, हे तपासणार कोण? आयुर्वेदाच्या अपमानाची ओरड करणाऱ्यांना हा प्रश्न सुचला नाही.

युरोपातील बटरबर या वनस्पतीचे उदाहरण येथे बोलके आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या १२५ रुग्णांच्या चाचणीत तिचा अर्क सेटिरिझिनच्या तोडीचा ठरला. त्याच वनस्पतीत यकृताला घातक अल्कलॉइडेही असतात. ती काढून टाकल्याविना अर्क सुरक्षित होत नाही.

हळदीच्या अमेरिकी पेटंटाविरुद्धचा लढा १९९७ साली डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने जिंकला, तो भावनेच्या बळावर नव्हे, तर छापील पुराव्याच्या बळावर. गुळवेलीलाही तेच हवे आहे: प्रमाणित अर्क, अनेक केंद्रांतील मोठ्या चाचण्या आणि दुष्परिणामांची निःसंकोच नोंद. तोवर काढा घेणाऱ्याने निदान आपल्या डॉक्टरांपासून तो लपवू नये. यकृताचा जुना विकार असेल, तर वैद्याला विचारल्याविना भांडे चुलीवर चढवू नये.