स्फोट होऊन गेल्यावर

सुपरनोव्हा म्हटलं की आपल्याकडचे लेख स्फोटापाशी येऊन थांबतात. तारा फुटला, डोळे दिपवून गेला, संपला! मला विचाराल तर खरी गंमत तिथून पुढे सुरू होते.

फेब्रुवारी १९८७ मध्ये मोठ्या मॅगेलॅनिक मेघात एक तारा फुटलेला दिसला. अंतर साधारण १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षं. (महाराष्ट्रातून तो भाग क्षितिजाला चिकटलेला, म्हणजे न दिसल्यातच जमा.) या ताऱ्याने फुटण्याच्या सुमारे २० हजार वर्षं आधी बराच वायू बाहेर टाकला होता आणि त्याचं एक कडं त्याच्याभोवती होतं. स्फोटाची लाट कधीतरी त्यावर आदळणार हे उघडच होतं. १९९७ च्या सुमारास हबलच्या फोटोंत कड्यावर एक ठिपका चमकताना लक्षात आला. मग दुसरा, तिसरा... काही वर्षांत अख्खं कडं मोत्यांच्या माळेसारखं उजळलं. कड्यातून आत डोकावणारी दाट वायूची टोकं लाटेच्या तडाख्यात आधी सापडली, म्हणून हे ठिपके. दाट वायूत लाट मंदावते, वायू तापतो, क्ष-किरण फेकतो. म्हणजे मेलेल्या ताऱ्याने हयातीत कुठे काय टाकलं होतं, ते ही लाट एकेक करून आपल्याला दाखवत जाते!

पण हे दिसलं कशामुळे? कुणीतरी वर्षानुवर्षं त्याच जागेचे फोटो काढत राहिलं म्हणून. 'चंद्रा' ही क्ष-किरण दुर्बीण (आपल्या चंद्रशेखरांच्या नावाची) १९९९ मध्ये वर गेली आणि नंतर साधारण दर सहा महिन्यांनी तिथे डोकावत राहिली. २०१३ च्या सुमारास कमी ऊर्जेच्या क्ष-किरणांची वाढ थांबली. लाट कड्याचा दाट भाग ओलांडून पुढे निघाली होती. पुढे आहे तो ताऱ्याने त्याहून आधी सोडलेला वायू, म्हणजे त्याचं आणखी जुनं आयुष्य.

आणि नेमकं २०२४ मध्ये नासाच्या अर्थसंकल्पाच्या प्रस्तावात चंद्राच्या निधीला मोठी कात्री सुचवली गेली. दुर्बीण जुनी झाली हे खरं, पण क्ष-किरणांत तिच्याइतकी तीक्ष्ण नजर दुसऱ्या कुठल्याच दुर्बिणीला नाही. नवी दुर्बीण पंधरा-वीस वर्षांनी येईलही, पण मधल्या वर्षांत लाट काय काय ओलांडून गेली ते तिला दिसणार नाही. लाट काही निधी मंजूर व्हायची वाट बघत थांबत नाही.