रंगाआधीचे हात

लाल, काळ्या आणि सोनेरी रंगातला रशियन लाकडी चमचा हाती आला की सगळे आधी त्यावरची वेलबुट्टी न्याहाळतात. मी हल्ली आधी त्याच्या काठावरून बोट फिरवते. ही खोखलोमा कला, व्होल्गाकाठच्या निझनी नोवगोरोद परिसरातली. खोखलोमा हे बाजाराचे गाव. माल तयार व्हायचा आसपासच्या खेड्यांत आणि सेम्योनोवला. एक कोरणार, दुसरा रंगवणार, अशी कामाची वाटणी.

कोरणारा वाळवलेले लिंडनचे लाकूड घेतो. ते मऊ आणि हलके असते. कुऱ्हाडीने ढोबळ आकार काढायचा, वाकसाने खोलगट भाग उकरायचा, मग वाकड्या पात्याच्या चाकूने आतून तासत जायचे. काठ जाड राहिला तर घोट नीट घेता येत नाही, फार पातळ झाला तर चिरतो. हा अंदाज फक्त हाताला असतो.

पुढची करामत विलक्षण आहे. कोऱ्या लाकडावर मातीचा लेप, त्यावर जवसाच्या तेलाचे हात आणि ते पुरते सुकण्याआधीच चोळलेली कथलाची पूड. आता कथलाच्या जागी ॲल्युमिनियम आले आहे. चमचा चांदीसारखा झळकू लागला की चित्रकार कुंचल्याने गवताची पाती आणि बोरे काढते, तीही आधी आराखडा न काढता! शेवटी रोगण चढवून चमचा भट्टीत जातो. उष्णतेने रोगण पिवळसर होते आणि खालची चांदी सोनेरी दिसू लागते. त्यात सोन्याचा कणही नसतो. भट्टीच्या धगीत टिकतील तेच रंग चालत, म्हणून लाल आणि काळ्याचे एवढे राज्य. ही मर्यादा चित्रकारांनी इतकी आपलीशी केली, की तीच खोखलोमाची ओळख झाली.

चित्रकाराच्या या कौशल्यापुढे मी मनापासून नतमस्तक आहे. पण रंग चढला की तासणीच्या खुणा झाकल्या जातात आणि कौतुकातून कोरणारा निसटतो. सूप पिताना ओठांना लागतो तो काठ त्याचाच. लाकूड चटकन तापत नाही, म्हणून गरम सूपही सुखाने पिता येते. वेलबुट्टी नसती तरी हा चमचा चमचाच राहिला असता. काठ बिघडला असता तर मात्र तो नुसता भिंतीवर टांगायचा उरला असता.

आपल्या सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी फळे आणि खेळणी बघतानाही आपण रंगांनीच हरखतो. पुढच्या खेपेला तिथे गेलात, तर लाकूड कोणी घडवले तेही विचारा.