सार्वजनिक आड, खासगी पोहरा

'आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. परंतु आडात पाणी भरपूर आहे, आड साऱ्या गावाला मोकळा आहे आणि पोहरा मात्र एकाच घरच्या मालकीचा आहे, अशी स्थिती असली तर काय करावे? संगणकाच्या जगात मुक्त सॉफ्टवेअरपुढे हा पेच अनेकदा उभा राहिला आहे. मी कलाशाखेचा विद्यार्थी; तरीही हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा नाही असे मला वाटते, म्हणून हा लेखनप्रपंच.

ज्याची मूळ संहिता कोणालाही वाचता, बदलता व वाटता येते तो प्रोग्रॅम मुक्त. पण कोणताही मोठा प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून सगळा नव्याने कोणी लिहीत नाही. पडद्यावर खिडकी उघडणे, बटण दाखवणे ही नेहमीची कामे तयार भागांकडून करून घेतात. अशा भागांच्या संचाला लायब्ररी म्हणतात. काही लायब्रऱ्या कंपन्यांच्या मालकीच्या असतात व त्या कंपनीच्या परवान्याच्या अटींवरच वापराव्या लागतात. मुक्त प्रकल्पाने त्या वापराव्यात काय?

इतिहास काय सांगतो ते पाहू. बर्कली येथील स्पेन्सर किंबॉल व पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी 'गिंप' हा चित्रांचा प्रोग्रॅम लिहिला. १९९६ मधील त्याची आवृत्ती 'मोटिफ' या विकत घ्याव्या लागणाऱ्या लायब्ररीवर उभी होती. गिंप फुकट, पण ती संहिता घेऊन स्वतः प्रोग्रॅम बांधू पाहणाऱ्याला मोटिफ हवे! शेवटी मोटिफला कंटाळून मॅटिस यांनी स्वतःच 'जी.टी.के.' ही लायब्ररी लिहिली.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मनीतील ट्यूबिंगेनच्या मात्थियास एट्रिख या विद्यार्थ्याने लिनक्ससाठी 'के.डी.ई.' हा प्रकल्प जाहीर केला. त्याचा पाया होता ट्रोलटेक या नॉर्वेजियन कंपनीची 'क्यूट' ही लायब्ररी. मुक्त प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना ती फुकट होती. पण तिच्यात बदल करून ती वाटण्याची मुभा नव्हती. शिवाय के.डी.ई.चा परवाना होता जी.पी.एल., आणि तो परवाना म्हणतो की वाटायचे ते सगळे त्याच अटींवर वाटा. दोन्हींचा मेळ बसेना. १९९८ मध्ये डेबियनने याच कारणाने के.डी.ई. आपल्या संग्रहातून काढून टाकले. त्याआधी १९९७ मध्येच मेक्सिकोचे मिगेल दे इकासा व फेदेरिको मेना यांनी जी.टी.के.च्या आधारे 'नोम' हा पर्यायी प्रकल्प सुरू केला होता.

कोणी म्हणेल, एवढ्या तत्त्वनिष्ठेने काय साधले? एकच काम दोनदा झाले, तरुणांचे श्रम वाटले गेले. हा आक्षेप खोटा नाही. लायब्ररी लिहिणाऱ्यालाही पोट असते, हेही खरे. पण पुढे काय झाले ते पाहा. १९९८ मध्येच ट्रोलटेक व के.डी.ई. यांच्यात लेखी करार झाला: कंपनीने मुक्त आवृत्ती काढणे थांबवले, तर ती लायब्ररी अगदी सैल परवान्याखाली खुली करण्याचा हक्क एका प्रतिष्ठानाला मिळेल. २००० साली क्यूट स्वतःच जी.पी.एल.खाली आली. आपला प्रोग्रॅम बंदिस्त ठेवू इच्छिणाऱ्यांना कंपनी वेगळा परवाना विकत राहिली. म्हणजे कमाईही झाली आणि मोकळीकही मिळाली. २००८ मध्ये नोकियाने ट्रोलटेक विकत घेतली, पुढे मालक पुन्हा बदलला. करार मात्र टिकला. हे आपोआप झाले नाही. हट्ट धरणारे होते म्हणून झाले.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. म्हणून एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. नुसते फुकट वापरायला मिळणे आणि दुरुस्त करण्याचा हक्क मिळणे यांत मोठे अंतर आहे. पंक्तीत वाढलेले जेवणारा पाहुणा असतो. घरच्या माणसाला चुलीपर्यंत जाता येते. परवाना विकत घेण्याची ऐपत नसलेला मुलगा कितीही हुशार असला, तरी खासगी लायब्ररीवरच्या 'मुक्त' प्रकल्पात तो कायमचा पाहुणाच राहणार. मग त्या मुक्ततेचा त्याला उपयोग काय?

तेव्हा माझे मत असे. खासगी लायब्ररी वापरणे हे पाप नव्हे, परंतु तीन पथ्ये पाळावीत. ती वापरली आहे हे पहिल्याच पानावर उघडपणे सांगावे. ती काढून दुसरी बसवता येईल अशीच प्रकल्पाची रचना असावी. आणि पायाच तिच्यावर घालायचा असेल तर आधी मालकाकडून लेखी करार घ्यावा. तोंडी सदिच्छेवर विसंबू नये. कारण आजचा मालक सज्जन असेल, पण उद्या कंपनी कोणाच्या हाती जाईल हे त्यालाही सांगता येत नाही.