गंग-हो मंडळी

इंग्रजी वर्तमानपत्रांच्या अर्थकारणाच्या पानावर ‘गंग-हो’ हे विशेषण अधूनमधून भेटतं. अमुक शेअरबद्दल गुंतवणूकदार गंग-हो आहेत, तमुक मंत्री नव्या महामार्गाबद्दल गंग-हो आहेत, असं. म्हणजे माणूस बाह्या सरसावून एखाद्या गोष्टीच्या मागे लागलाय. पण या शब्दाला एक तिरका सूर असतो. ज्याला गंग-हो म्हणायचं त्याचं कौतुकही वाटत असतं, आणि हा गडी लवकरच तोंडघशी पडणार याची मनातून खात्रीही असते. आपला गुडघ्याला बाशिंग बांधलेला उतावळा नवरा अगदी असाच. 2019 च्या पावसाळ्यात राज्यात 33 कोटी झाडं लावायचं ठरलं होतं. खड्डे, रोपं, फलक, फोटो असा तेव्हाचा सगळा माहोल आठवला, की गंग-हो म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही.

गंमत अशी, की या शब्दाच्या मुळाशी उत्साह नाहीच. शब्द चिनी आहे. जपानी फौजांनी शांघायचे आणि किनारपट्टीवरचे कारखाने उद्ध्वस्त केल्यावर, 1938 साली, आतल्या मुलखात छोट्या छोट्या औद्योगिक सहकारी संस्था काढायची चळवळ सुरू झाली. न्यूझीलंडहून येऊन चीनमध्ये स्थायिक झालेला रेवी ॲली तिचा एक खांब. पत्रकार एडगर स्नो आणि त्याची पत्नी हेलन हेही तिच्या उभारणीत होते. विस्थापित कामगारांनी एकत्र यायचं, मिळतील ती अवजारं घेऊन घोंगड्यांपासून लागेल ते बनवायचं, असा तो उद्योग. ‘औद्योगिक सहकारी संस्था’ या लांबलचक चिनी नावाचं छोटं रूप म्हणजे गंग-हो. आपल्याकडे ‘विविध कार्यकारी सहकारी सेवा संस्था’ म्हणताना दम लागतो म्हणून आपण ‘सोसायटी’ म्हणतो, तसंच ते.

इव्हान्स कार्लसन हा अमेरिकी मरीन अधिकारी त्या दिवसांत निरीक्षक म्हणून चीनमध्ये होता आणि चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेबरोबर फिरला होता. त्याने शब्द उचलला. 1942 मध्ये त्याच्याकडे रेडर बटालियन आली तेव्हा त्याने तिला हीच घोषणा दिली. अधिकारी आणि शिपाई एकत्र बसून मोहिमेवर मोकळेपणाने बोलायचे, त्या बैठकाही ‘गंग-हो’. 1943 मध्ये याच नावाचा हॉलिवूडपट आला आणि शब्द घरोघर गेला. बाकीच्या सैनिकांनी पुढे त्याची टिंगल केली. साहेबाने सांगायच्या आधीच पुढे धावणारा, तो गंग-हो. सोसायटी गळून पडली, जोश तेवढा उरला.

याच आठव्या मार्ग सेनेच्या जखमींवर उपचार करता करता सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 9 डिसेंबर 1942 रोजी चीनमध्येच वारले. त्यानंतर महिना उलटायच्या आत, 2 जानेवारी 1943 च्या पहाटे, आमच्या मुरबाड तालुक्यात सिद्धगडाच्या रानात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण कोतवाल पेशाने वकील. त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले, हे इकडच्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. दर 2 जानेवारीला सिद्धगडावर माणसं जमतात, मशाली येतात, घोषणा होतात. घोषणांना माझी ना नाही. पण भाषणं कायम मनोऱ्यांवर रेंगाळतात आणि धान्यकोठ्यांचा उल्लेख एका वाक्यात आटोपतो, हे मला खटकतं.

कारण बेचाळीसच्या आधी कोतवालांनी शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या काढल्या होत्या. भातशेतीच्या मुलखात आषाढ-श्रावण हे सगळ्यात वाईट दिवस. शेतात काम पोटभर आणि कणगीत दाणा नाही. मग सावकाराकडून भात उचलायचं आणि पीक हाती आलं की वाढीदिढीने फेडायचं. गावाची स्वतःची कोठी असली की हे चक्र तुटतं. सुगीत प्रत्येकाने थोडं थोडं घालायचं, पावसाळ्यात गरज लागेल त्याने न्यायचं. आता हे काम मनोरा पाडण्याइतकं थरारक नाही, त्यावर सिनेमा निघणार नाही. पण पोलिसांची धाड पडायची धास्ती असताना लोक कोतवालांच्या मागे उभे राहिले, ते नुसत्या भाषणांनी पेटून, असं मला वाटत नाही. ज्या माणसाने पावसाळ्यात आपलं चुलाण पेटतं ठेवलं, त्याला आसरा द्यायचा की नाही यावर फार चर्चा करावी लागत नाही.

शहापूर-मुरबाडला गंग-होचा जुना अर्थ शिकवायला चीनहून कुणी यायची गरज नव्हती. आमच्याकडे सावड होती. आवणीच्या दिवसांत आज चार घरची माणसं माझ्या खाचरात, उद्या मी त्यांच्या. मजुरी नाही. दुपारची भाकरी, सोबत सुकटीची चटणी, ज्याचं शेत त्याच्या घरची. रोपं उपटून मुठी बांधायच्या, मुठी चिखलात फेकायच्या, आणि ओळीने वाकून मागे मागे सरकत लावत जायचं. दोघी बोलत असतात, एक गप्प असते, एकीचा पाय दुखत असतो. उत्साहात कुणीच नसतं. हिशेब मात्र पक्का. बैलजोडी घेऊन आलेल्याचा वेगळा, म्हाताऱ्या माणसाचा वेगळा, आणि ज्याने सावड फेडली नाही त्याचं नाव पुढच्या पावसाळ्यापर्यंत कुणी विसरत नाही. सावड म्हणजे गावाचा प्रेमळपणा, असं शहरातल्या लेखांत वाचलं की मला हसू येतं. ती उधारी आहे, फक्त पैशांऐवजी कंबरेने फेडायची.

आता ती विरत चालली आहे. पोरं भिवंडीच्या गोदामांत, मुरबाडच्या एमआयडीसीत, नाहीतर आसनगावहून पहाटेची लोकल धरून मुंबईकडे. घरात दोन म्हातारी माणसं उरली तर ती सावड कुठून फेडणार? मग रोजाने माणसं लावायची, नाहीतर खाचर पडीक ठेवायचं. ज्यांच्याकडे रोज द्यायला रोकड नाही, त्यांच्यात मात्र अजून चालते.

आणि अलीकडे आमच्याकडे खरी गंग-हो मंडळीही येऊ लागली आहेत. जुलैतल्या शनिवार-रविवारी ठाण्या-डोंबिवलीहून ‘भातलावणीचा अनुभव’ घ्यायला गाड्या येतात. पैसे भरून. डोक्यावर हौसेने इरलं, पाय चिखलात, हात फोनवर. पहिली दहा मिनिटं सगळे जीव तोडून लावतात. मग कुणाची पाठ धरते, कुणाला खेकडा दिसतो. रोपं एकतर इतकी खोल खुपसलेली की शेंडाच दिसावा, नाहीतर इतकी वर की वाऱ्याने तरंगावीत. ओळ कशी, तर माळशेज घाटासारखी. गाड्या गेल्या की घरातली बाई पदर खोचून पुन्हा खाचरात उतरते आणि सगळं नीट लावते. या पाहुण्यांची सावड कुणी धरत नाही. फेडायची म्हटली तर डोंबिवलीत जाऊन नेमकं काय लावायचं, हा प्रश्नच आहे. म्हणून त्यांच्याकडून पैसे आगाऊच घेतात.