धार-देवासचा पाऊस आणि आपला दर्या

मंडळी, माळव्यातल्या पावसाची बातमी आली की आपण बोट फिरवून पुढं सरकतो. धार-देवास कुठं नि आपण कुठं! पण त्या पावसाचं पाणी बरंचसं आपल्याच दर्याचं असतं.

2023 चा सप्टेंबर आठवा. ऑगस्ट तर देशात 1901 पासूनचा सर्वात कोरडा गेला होता. मग 13 सप्टेंबरच्या आसपास बंगालच्या उपसागरात कमी दाब तयार झाला आणि दोन-तीन दिवसांत मध्य प्रदेशात पोचला. 15 च्या रात्रीपासून इंदूर, धार, देवास सगळं झोडपून निघालं. हा कमी दाब घड्याळाच्या उलट फिरतो, म्हणजे त्याच्या दक्षिणेला वारा पश्चिमेचा, अरबी समुद्राची वाफ ओढून नेणारा. सर्वात जास्त पाऊस पडतो तो केंद्राच्या नैर्ऋत्येला. केंद्र थोडं पूर्वेला असलं की धार-देवास नेमके त्याच कोपऱ्यात सापडतात. त्यात विंध्याचा चढ. आणि रात्री जमिनीपासून थोड्या उंचीवरचा वारा जोर धरतो, म्हणून लोक झोपेत असतानाच नाले भरतात.

आता आपला संबंध. ती वाफ ओढताना वारा आधी आपल्या किनाऱ्यावरून जातो. उपसागरात दाब कमी झाला की इकडं दर्या खवळतो, हे जुन्या तांडेलांना पुस्तकाशिवाय ठाऊक होतं. 5 ऑगस्ट 2020 ला कुलाब्यात ताशी 107 किलोमीटरचा वारा सुटला, तेव्हाही उपसागराकडं कमी दाब होताच. बंदी उठून जेमतेम पाच दिवस झाले होते!

दुसरं म्हणजे पाणी. विंध्याच्या दक्षिण उताराचं पाणी नर्मदेत जातं. 17 सप्टेंबर 2023 ला सरदार सरोवर 138.68 मीटरला भरलं, सुमारे 18 लाख क्युसेक पाणी सोडलं. भरूचला नदी 40 फुटांच्या आसपास गेली, मुंबई-अहमदाबाद रेल्वे अडकली. एवढा पूर खंभातच्या आखातात उतरतो तेव्हा सोबत गाळ आणतो, ओंडके आणतो. डहाणू-सातपाटीकडून वर जाणाऱ्या बोटीचं जाळं फाटायला नि पंखा वाकायला एक ओंडका पुरतो.

म्हणून माझं मत सरळ आहे. नुसता अरबी समुद्राचा अंदाज बघून बोट काढू नये. उपसागरात कमी दाब असं ऐकलं की पुढच्या तीन-चार दिवसांची फेरी तेव्हाच ठरवावी, 3 नंबरचा बावटा लागायची वाट बघू नये. बोटमालकांनाही सांगतो, डिझेल-बर्फ भरून झालंय म्हणून तांडेलावर दबाव टाकू नका. बर्फ वितळला तर पुन्हा भरता येतो. सोसायटीनं मात्र एक काम करावं: उपसागराची बातमी आली की त्याच दिवशी ग्रुपवर साध्या मराठीत टाकावी. इंग्रजी नकाशा पाठवला तर तो कोण उघडून बघतो?