लहान उद्योगाचे बिल आणि कामगाराचा पगार

पार्सल ऑफिसात दोन-चार वर्षे काढलेल्या आमच्या कोणाही बंधूला देशाची अर्थव्यवस्था समजावून सांगायला अर्थतज्ज्ञाची गरज पडत नाही. गठ्ठ्यांवरची नावे वाचली की पुरे होते. तिरुपूरचे बनियन, लुधियानाचे स्वेटर, अलिगढची कुलुपे, मुरादाबादची पितळी भांडी, भिवंडी-इचलकरंजीचे कापड. यांतला फार मोठा भाग प्रचंड कारखान्यांतून येत नाही. तो आठ-दहा माणसांच्या शेडमधून, घराच्या मागच्या खोलीतून, गल्लीतल्या वर्कशॉपमधून येतो. टपाल खात्यातील बंधु-भगिनींनी व्ही.पी. पार्सलांच्या ढिगात हेच चित्र पाहिलेले आहे. देशाचा कारभार टाटा-अंबानींच्या ताळेबंदात जसा दिसतो, तसा तो या गठ्ठ्यांतही दिसतो. फरक एवढाच की ताळेबंद वर्तमानपत्रात छापून येतो, गठ्ठा आपण उचलतो.

आकडेच पाहायचे तर राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७३ व्या फेरीत, म्हणजे २०१५-१६ साली, शेतीबाहेरचे असे सुमारे ६ कोटी ३४ लाख उद्योग-व्यवसाय मोजले गेले. त्यांत सुमारे ११ कोटी माणसे काम करीत होती. १०० पैकी ९९ हून अधिक उद्योग ‘सूक्ष्म’ या सर्वांत खालच्या पायरीवरचे होते. हिशेब केला तर एका उद्योगामागे दोन माणसेही धड येत नाहीत. म्हणजे यांतला बहुसंख्य ‘मालक’ हा स्वतःच हातोडा धरणारा, स्वतःच तराजू उचलणारा माणूस आहे. त्याला भांडवलदार म्हणणे ही भाषेची चैन झाली.

हा विषय कामगारांच्या मासिकात कशाला, असे कोणी विचारील. उत्तर आपल्याच घरात आहे. निवृत्तीनंतर फंडाच्या पैशातून पिठाची गिरणी टाकणारा गँगमन, झेरॉक्सचे दुकान चालविणारी पोस्टमनची मुलगी, नोकरभरती आटली म्हणून मोबाईल दुरुस्तीत शिरलेला गार्डचा मुलगा, हे सारे लहान व्यवसायातच आहेत. सरकारी नोकरीचे दार जसजसे अरुंद होत गेले, तसतशी आपली पुढची पिढी या दाराने आत शिरली. तेव्हा या धंद्यांचे जे होईल, ते आपल्याच मुलाबाळांचे होणार आहे.

स्वातंत्र्यानंतरच्या राज्यकर्त्यांना हे कळत नव्हते असे नाही. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या तोंडावर, १९५५ साली, प्रा. द. गो. कर्वे यांच्या अध्यक्षतेखाली ग्रामोद्योग व लघुउद्योगांचा विचार करणारी समिती नेमली गेली. पोलादाचे मोठे कारखाने सरकारने काढावेत आणि रोजच्या वापराचा माल जास्तीत जास्त हातांना काम देणाऱ्या लहान उद्योगांतून यावा, अशी त्या काळची विचाराची दिशा होती. १९६७ पासून काही वस्तू लघुउद्योगांसाठी राखून ठेवण्यास सुरुवात झाली. आरंभी ४७ असलेल्या या वस्तू पुढे ८०० च्या वर गेल्या. १९९१ च्या नव्या आर्थिक धोरणानंतर वारे फिरले. यादी हळूहळू कापत नेली आणि एप्रिल २०१५ मध्ये उरलेल्या शेवटच्या २० वस्तूही मोकळ्या केल्या गेल्या.

ती राखीव यादी निर्दोष होती असे आम्ही म्हणत नाही. सवलती टिकविण्यासाठी एकाच मालकाने एकाच आवारात कागदावर तीन कारखाने दाखवायचे, हा प्रकार आम्ही पाहिलेला आहे. पण यादी काढून घेताना तिच्या जागी काय ठेवले? ठेवली ती स्पर्धा. ज्याच्या हाती भांडवल, जाहिरात आणि गोदामे आहेत, त्याच्याशी ज्याच्या हाती फक्त कसब आहे त्याची स्पर्धा.

एवढ्यावर भागले नाही. ‘लहान’ कोणाला म्हणायचे, हेही बदलले. २००६ च्या कायद्यात कारखानदारीतील ‘मध्यम’ उद्योगाची कमाल मर्यादा १० कोटींच्या यंत्रसामग्रीची होती. २०२० मध्ये ती ५० कोटी गुंतवणूक व २५० कोटी उलाढाल अशी झाली. १ एप्रिल २०२५ पासून ती १२५ कोटी गुंतवणूक व ५०० कोटी उलाढाल इतकी झाली आहे. महागाई वाढली, मर्यादा वाढायला हवी, हे मान्य. पण ५०० कोटींची उलाढाल करणारा कारखानदार आणि दोन लेथ मशीनवाला एकाच छत्रीखाली उभे केले, तर पावसात कोण भिजणार हे सांगायला ज्योतिषी नको. बँकेचा साहेब कर्जाचे उद्दिष्ट पुरे करताना साहजिकच ज्याच्याकडे तारण आहे त्याचे दार आधी ठोठावतो.

त्यातच चार वर्षांत तीन तडाखे बसले. ८ नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी, १ जुलै २०१७ चा जी.एस.टी. आणि मार्च २०२० ची टाळेबंदी. रोखीने मजुरी देणाऱ्याच्या हातातील रोख गेली. नंतर खातेवही येत नसलेल्याला महिन्याच्या महिन्याला विवरणपत्र भरायला बसविले. नंतर शटरच खाली आले. टाळेबंदीत सरकारने तारणाशिवाय ३ लाख कोटी रुपयांच्या कर्जाची हमी योजना जाहीर केली. काहींना तिचा आधार झाला, हे नाकारण्याचे कारण नाही. पण कर्ज ते कर्जच. ते फेडावे लागते. आणि ज्याचे स्वतःचे पैसे दुसऱ्याकडे अडकलेले आहेत, त्याला नवे कर्ज देण्याआधी त्याचे अडकलेले पैसे सोडविणे अधिक न्यायाचे नव्हे काय?

आम्हांला जे मुख्य म्हणणे मांडायचे आहे ते इथे येते. लहान उद्योगाच्या नरड्याला बसलेला खरा फास म्हणजे थकलेले बिल होय.

उदाहरण घ्या. आठ कामगारांचे एक वर्कशॉप मोठ्या कंपनीला ५ लाखांचे सुटे भाग पुरवते. लोखंड घेताना पैसे रोख मोजावे लागतात. विजेचे बिल थांबत नाही. कामगारांचा पगार सात तारखेला द्यायचा. जी.एस.टी. तर बिल फाडले की देणे लागतो, पैसे हाती आले की नाही हे तो विचारीत नाही. आणि कंपनी पैसे देणार चार महिन्यांनी. तोवर हा माणूस १२ टक्क्यांनी पैसे उचलतो. ५ लाखांवर चार महिन्यांचे व्याज २० हजार रुपये झाले. तेवढाच कदाचित त्याचा नफा होता. म्हणजे व्यवहार काय झाला? गल्लीतल्या माणसाने शेअर बाजारातल्या कंपनीला बिनव्याजी कर्ज दिले. आणि मालकाची ओढाताण झाली की पहिला थकतो तो पगार. वर अडलेले बिल खाली आठ घरांची चूल अडवते.

याला कायदा नाही असे नाही. २००६ चा कायदा सांगतो की सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावेत. न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याला चक्रवाढ व्याज द्यावे. दाद मागण्यासाठी राज्याराज्यांत सुविधा परिषदा आहेत आणि त्यांनी ९० दिवसांत निकाल द्यावा असे कायद्यात लिहिले आहे. २०१७ पासून संगणकावरून तक्रार करण्याची सोय आहे. २०२३ च्या वित्त कायद्याने तर असे पैसे मुदतीत दिले नाहीत तर खरेदीदाराला त्या वर्षी तो खर्च प्राप्तिकरात दाखविता येणार नाही, अशी तरतूद केली.

मग पैसे वेळेवर का मिळत नाहीत? कारण तक्रार करणाऱ्याला पुढची ऑर्डर मिळत नाही. व्याज मागणारा पुरवठादार यादीतून गळतो आणि त्याच्या जागी उभा राहायला दुसरे दहा जण तयार असतात.

बंधूंनो, ही गोष्ट आपल्याला ओळखीची वाटत नाही काय? युनियन नसलेल्या कारखान्यात ओव्हरटाईम मागणाऱ्या एकट्या कामगाराचे नेमके हेच होते. किमान वेतनाचा कायदा १९४८ साली झाला. पण कामगार एकटा असेतोवर तो कायदा कागदावर राहिला आणि तो संघटित झाला तिथे पगारपत्रकावर आला. मोठ्या खरेदीदारापुढे उभा असलेला लहान उद्योजक असंघटित कामगाराच्याच जागी उभा आहे. त्याचे औषधही तेच आहे. तक्रार एकट्याच्या नावाने न जाता संघाच्या नावाने गेली पाहिजे.

आता जरा आपल्या टेबलाकडे पाहू. केंद्र सरकारच्या खात्यांनी व सार्वजनिक उपक्रमांनी वर्षाच्या खरेदीपैकी किमान २५ टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावी, असा दंडक आहे. त्यातले ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि ३ टक्के महिलांच्या उद्योगांसाठी आहेत. रेल्वे ही देशातील मोठ्या खरेदीदारांपैकी एक. माल डेपोत उतरतो, तपासणी होते, पावती बनते, बिल लेखा विभागात जाते. या साखळीत जागोजाग आपलीच माणसे बसलेली आहेत. रिकाम्या जागा भरत नाहीत, एका माणसावर तिघांचे काम पडते, ही आपली तक्रार खरी आहे आणि तिच्यासाठी आपण भांडतच आहोत. पण एखादे बिल केवळ हलविणारा कोणी नाही म्हणून पडून असेल, तर त्या बिलाखाली कोणाचा तरी पगार दबलेला आहे, हे आपण विसरता कामा नये. खासगी कंपनीला आपण ४५ दिवसांचा कायदा सांगायचा, तर आपल्या खात्याचे घड्याळ आधी बरोबर चालले पाहिजे.

नाण्याची दुसरी बाजूही आम्ही झाकून ठेवणार नाही. लहान उद्योग म्हणजे सारे सोवळे असे नव्हे. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर होते आणि तेव्हा गिरणीमालकांचे कापड भिवंडीच्या यंत्रमागांवर विणले जात होते. तिथे ना युनियन, ना फंड, ना आठ तासांची पाळी. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला. त्याच गावातला खर्चीवाला आज व्यापाऱ्याच्या सुतावर मजुरीने कापड विणतो. व्यापारी त्याला पिकाच्या हिशेबाने दाबतो आणि तो ती दाब कामगारावर ढकलतो. लहान उद्योग ही अनेकदा मोठ्या भांडवलाने कामगार कायद्यापासून पळण्यासाठी ठेवलेली मागची वाट असते. स्टेशनच्या सफाईचा किंवा खाद्यपदार्थांचा पोटकंत्राटदार हाही कागदावर ‘लघुउद्योजक’च असतो. त्याच्या माणसांना किमान वेतन मिळते की नाही, हे आपण रोज पाहतो.

म्हणूनच लहान उद्योगांना सवलत द्यायची या नावाखाली कामगाराचे संरक्षण कापण्याला आमचा विरोध आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यात वीज वापरणाऱ्या ठिकाणी १० कामगार असले की तो कारखाना ठरत असे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या संहितेत हा आकडा २० झाला आहे. कामगार कपातीपूर्वी सरकारची परवानगी घेण्याची अट १०० कामगारांवरून ३०० वर गेली आहे. याने लहान मालकाचे थकलेले बिल एका दिवसाने तरी लवकर येणार आहे काय? त्याला सवलत हवी ती त्याचे पैसे अडवून बसणाऱ्याकडून वसूल व्हावी. ती कामगाराच्या हाताच्या बोटांतून, फंडातून आणि पाळीच्या तासांतून काढून देण्याचा अधिकार कोणालाही नाही.

रेल्वे आणि टपाल ही दोन खाती लहान धंद्याचे हातपाय आहेत. मुंबईच्या लोकलमधल्या मालडब्यातून टोपली घेऊन जाणारी बाई, २०२२ पासून स्टेशनांवर उघडलेले ‘एक स्टेशन एक उत्पादन’चे ठेले, त्याच वर्षापासून सुरू झालेली डाकघर निर्यात केंद्रे, यांचे आम्ही स्वागतच करतो. पण एका हाताने ठेला द्यायचा आणि दुसऱ्या हाताने स्वस्त सेवा आवळायच्या, हे बरे नव्हे. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाले. खेड्यातल्या धंदेवाल्याला वेगापेक्षा चार पैसे कमी आणि हमखास पोच, यांची गरज अधिक असते. नफ्या-तोट्याचा एकच गज घेऊन ही खाती मोजली, तर त्यांच्यावर उभे असलेले लाखो धंदे त्या मापात कधी येणारच नाहीत.

सबब आमच्या मागण्या स्पष्ट आहेत.

१. ४५ दिवसांनंतरचे व्याज तक्रारीची वाट न पाहता बिलासोबत आपोआप दिले जावे. सुरुवात रेल्वे, टपाल व इतर सरकारी खात्यांपासून व्हावी.

२. सूक्ष्म उद्योगांसाठी कर्जाचा व सरकारी खरेदीचा वाटा वेगळा राखावा. तो मध्यम उद्योगांच्या आकड्यांत मिसळू नये.

३. सुविधा परिषदांत लघुउद्योजकांच्या संघांना सभासदाचे नाव पुढे न करता दाद मागता यावी.

४. किमान वेतन, सुरक्षा, फंड व राज्य विमा यांत उद्योग लहान म्हणून कामगाराचा हक्क लहान होऊ नये. सूक्ष्म उद्योगाला हा भार झेपत नसेल, तर मालकाचा हिस्सा काही काळ सरकारने भरावा.

५. पार्सल व टपालाच्या स्वस्त सेवा टिकवाव्यात आणि त्यासाठी लागणाऱ्या जागा भराव्यात.

आमच्या सभासदांनाही एक विनंती. घरात, शेजारात ज्यांचा लहान धंदा आहे त्यांची उद्यम नोंदणी झाली आहे का ते विचारा. नसेल तर करवून घ्या. ती फुकट आहे आणि तिच्यावाचून कायद्याचा आधार मिळणे अवघड होते. आणि उद्या तुमच्या टेबलावर एखाद्या लहान पुरवठादाराचे बिल आले, तर ते त्याच दिवशी पुढे सरकवा. त्या कागदाच्या टोकाला कोणीतरी सात तारखेची वाट पाहत बसलेला आहे. सात तारखेची वाट पाहणे म्हणजे काय, हे आपल्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?